अपाची लोकांची गाणी, गोष्टी आणि त्यांची जमीन

दगडफूल

'अपाची' म्हटलं की आपल्याकडे आधी मोटरसायकल आठवते, नाहीतर २०१९ मध्ये हवाई दलात आलेलं हेलिकॉप्टर. ज्या लोकांवरून ही नावं घेतली ते आज कुठे आहेत, काय गातात, मुलांना कोणत्या गोष्टी सांगतात, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सजवळ राहते. इथून ग्लोबच्या रस्त्याने निघालं की आधी सान कार्लोस अपाचींचा राखीव प्रदेश लागतो, आणि सॉल्ट नदीची खोल घळ ओलांडली की व्हाइट माउंटन अपाचींचा. त्यांची गावं, शाळा, न्यायालयं आहेत, स्वतःचं रेडिओ स्टेशनही आहे.

अपाची ही एकच एक जमात नाही. ॲरिझोनातले व्हाइट माउंटन, सान कार्लोस आणि टोंटो, न्यू मेक्सिकोतले मेस्कलेरो आणि हिकारिया, शिवाय चिरिकावा, लिपान वगैरे. भाषा एकाच कुळातल्या आणि शेजारच्या नावाहो लोकांच्या भाषेच्या अगदी जवळच्या. याच कुळातल्या भाषा थेट अलास्का आणि कॅनडापर्यंत बोलल्या जातात.

मला आज मुख्यतः त्यांच्या मुलींच्या सोहळ्याबद्दल लिहायचं आहे, कारण गाणं, नाच, गोष्ट आणि जमीन हे सगळं त्यात एकत्र येतं. मुलगी वयात आली की तिच्यासाठी चार दिवसांचा सोहळा करतात. इंग्रजीत त्याला सनराइज सेरेमनी म्हणतात. तयारी कितीतरी महिने आधीपासून चालते आणि खर्चही मोठा असतो. मुलीसाठी एक धर्ममाता निवडतात. ती नात्यातली नसते, दुसऱ्या कुळातली असते, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं नातं जन्मभराचं होतं.

पहाटे मुलगी हरणाच्या कातड्यावर पूर्वेकडे तोंड करून उभी राहते. कपाळावर शिंपला असा बांधलेला असतो की सूर्याचा पहिला किरण त्यावर पडावा. हातात घुंगरं लावलेली काठी. मंत्रगायक आणि त्यांचे साथीदार ढोल वाजवत गात असतात आणि ती त्या ठेक्यावर काठी जमिनीवर आपटत तासन् तास नाचते. मग धर्ममाता तिला पालथी झोपवून तिचं अंग रगडते, पुढे ती कणखर आणि सरळ चालीची व्हावी म्हणून. त्यानंतर काठी समोर रोवतात आणि मुलगी पळत जाऊन तिला वळसा घालून येते. दर वेळी काठी आणखी लांब रोवलेली असते. बालपण, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण, अशा एकेका टप्प्यापर्यंत ती धावून येते. ती काठी घरी जपून ठेवतात, आणि म्हातारपणी तीच टेकायला घ्यायची असते.

यामागे एका आदिमातेची कथा आहे. ती म्हातारी झाली की पूर्वेकडे चालू लागते. चालता चालता समोरून तिचंच तरुण रूप येताना दिसतं, दोघी एक होतात आणि ती पुन्हा तरुण होते. सोहळ्याच्या दिवसांत ही मुलगी म्हणजे तीच आदिमाता, असं मानतात. म्हणून लोक रांग लावून तिच्यावर पाणकणसाचे पिवळे पराग उधळतात, आजारी माणसं तिच्याकडून आशीर्वाद घेतात. शेवटी शेवटी तिला डोक्यापासून पायापर्यंत माती आणि मक्याच्या पिठाच्या लेपाने रंगवतात.

यातलं प्रत्येक गाणं ठरलेल्या क्षणाचं आहे. ते वेगळं काढून 'लोकसंगीत' म्हणून ऐकलं तर त्यात काय उरतं, यावर इथल्या जाणकारांचं मत वाचायला आवडेल.

काठावरचा

वाचनखूण साठवली. पाणकणसाचे पराग हे पहिल्यांदाच वाचलं. रात्री मुखवटे घालून नाचतात ते याच सोहळ्यात का? आणि वाद्यं कोणती असतात?

दगडफूल

हो, याच सोहळ्यात. ते पर्वतातले देव, त्यांना गाआन म्हणतात. रात्री मोठा जाळ पेटवतात आणि ते अंधारातून ओळीने येतात. तोंडावर काळं फडकं आवळलेलं, डोक्यावर लाकडी पट्ट्यांचा उंच मुकुट, अंग रंगवलेलं, दोन्ही हातांत रंगवलेल्या काठ्या. चौघे नर्तक आणि त्यांच्याबरोबर एक सोंगाड्या. सोंगाड्या पोरांना हसवतो, पण त्याचं सामर्थ्य कमी समजत नाहीत. त्याच्या हातात दोरीला बांधलेली लाकडी पट्टी असते. ती गरगर फिरवली की घोंघावणारा आवाज येतो, पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्यासारखा. मुखवट्यामागे कोण आहे हे ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही.

वाद्यांबद्दल षड्ज यांनी लिहावं.

षड्ज

लिहितो. मूळ वाद्य म्हणजे पाण्याचा ढोल. मडक्यात किंवा लोखंडी भांड्यात थोडं पाणी घालायचं आणि तोंडावर ओलं कातडं ताणून बांधायचं. वाजवण्याची काठी टोकाला वाकवून तिची गोल कडी केलेली असते. अधूनमधून भांडं हलवून कातडं आतून ओलं ठेवतात. आवाज दबका, खोल, आणि पाण्यामुळे किंचित थरथरणारा. गायक पाच-सहा असले तरी ढोल एकमेकांच्या वर चढत नाहीत, सगळे एकाच ठोक्यावर.

गाण्याची चाल ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. बहुतेक गाण्यांत स्वरांच्या लांबीचे दोनच प्रकार सापडतात, एक आखूड आणि एक त्याच्या दुप्पट. एवढ्या दोनांवर सगळी लय उभी असते. धृपदाचा भाग मोकळा, उंच जाणारा, बरेचदा निरर्थक अक्षरांवर गायलेला. मधले चरण मात्र थोडक्याच स्वरांत, भरभर, शब्दांनी गच्च भरलेले. गोष्ट आणि प्रार्थना त्या चरणांत असते. चरण संपून धृपद परत आलं की एकदम आकाश मोकळं झाल्यासारखं वाटतं. ही रचना काळजीपूर्वक ऐकल्याशिवाय 'एकसुरी' म्हणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं वाद्य अपाची फिडल. घायपाताच्या जातीच्या झाडाला फुलोऱ्याचा जो उंच दांडा येतो, तो वाळला की आतून पोकळ करतात, त्यावर भोकं आणि रंगीत नक्षी. तार म्हणून घोड्याचे केस, एक किंवा दोन. गजालाही घोड्याचेच केस, त्यांना झाडाची राळ लावतात. छातीशी किंवा पोटाशी टेकवून वाजवायचं. सोहळ्यापेक्षा घरगुती आणि प्रेमाच्या गाण्यांशी याचं नातं जास्त. सान कार्लोसचे चेस्ली गोसेयुन विल्सन हे या वाद्याचे मोठे कारागीर आणि वादक. त्यांना १९८९ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. गजाने वाजवायचं वाद्य उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींत जवळजवळ इतरत्र नाही, म्हणून युरोपी व्हायोलिन पाहून हे केलं की त्यांचं स्वतंत्र, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. दांडा तिथल्या डोंगरातला, चाल त्यांची, वाद्य त्यांचं.

रानवाट

उत्तम चर्चा. गोष्टींबद्दल मी थोडी भर घालते, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता.

मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो १९५९ मध्ये पहिल्यांदा व्हाइट माउंटन अपाचींच्या सिबेक्यू या गावी गेले आणि पुढे कित्येक वर्षं तिथे जात राहिले. त्यांनी एक गोष्टींचा प्रकार नोंदवला. या गोष्टी अगदी लहान, पाच मिनिटांच्या आत संपणाऱ्या. सुरुवातीला जागेचं नाव आणि शेवटी पुन्हा तेच नाव: 'हे अमुक ठिकाणी घडलं.' जागांची नावं म्हणजे आखीव चित्रं असतात. 'कॉटनवुडच्या झाडाखालून पाणी आत वाहतं', 'पांढऱ्या खडकांची रांग वर चढत जाते', अशी. नाव ऐकलं की माणूस मनाने तिथे जाऊन उभा राहतो, जिथून पूर्वजांनी ती जागा पाहिली असेल नेमका तिथे.

या गोष्टी कुणावर तरी नेम धरून सांगतात. गावातल्या जाणत्यांनी बासोंना समजावलं ते असं की गोष्ट म्हणजे बाण. तुम्ही चुकीचं वागलात की कुणीतरी तुमच्या दिशेने सोडतं. तुमचं नाव घेत नाही, तुमच्याकडे बघतही नाही.

त्यांनी पाहिलेला प्रसंग सांगते. १९७७ च्या जूनमध्ये एक तरुण मुलगी अशाच वयात येण्याच्या सोहळ्याला केसांना गुलाबी प्लॅस्टिकचे कर्लर लावून आली. बाहेरच्या शाळेतल्या मुलींची फॅशन. पण त्या सोहळ्यात बायकांनी केस मोकळे सोडायचे असतात, तो मान असतो. कुणी काही बोललं नाही. काही दिवसांनी एका घरी वाढदिवसाचं जेवण होतं. तिथे तिच्या आजीने सगळ्यांसमोर एक जुनी गोष्ट सांगितली: एका अपाची पोलिसाने गोऱ्याची गाय मारल्याबद्दल दुसऱ्या अपाचीला पकडलं आणि लष्करी अधिकाऱ्याकडे नेलं. पण अधिकाऱ्याने 'काय काम आहे?' विचारलं की पोलिसाला आपण कशासाठी आलो तेच आठवेना, तो भलतंच काहीतरी मागायचा. गोऱ्यांसारखं वागायला गेला म्हणून त्याची अशी गत झाली. गोष्ट संपली. मुलगी काही न बोलता उठली आणि घरी निघून गेली.

दोनेक वर्षांनी ती मुलगी बासोंच्या गाडीतून जात असताना, गोष्ट जिथे घडली ती जागा वाटेत लागली. त्यांनी जागा दाखवून ओळखलीस का असं विचारलं. ती म्हणाली, ती जागा रोज माझ्या मागावर असते.

आजी पुढे कधीतरी जाईल, पण ती जागा तिथेच असणार आणि येता-जाता तिला ती गोष्ट सांगणार. दगडफूल यांच्या प्रश्नावर माझं उत्तर यात आहे: जागा काढून घेतली तर गोष्टीचं काम थांबतं.

जाणता_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत थोडं वेगळं आहे. भाषा बोलणाऱ्यांची संख्या घटतेय, जुने गायक जात आहेत. अशा वेळी 'गाणं त्या क्षणाचंच, गोष्ट त्या जागेचीच' म्हणत नोंदणी टाळली तर पन्नास वर्षांनी हाती काय राहील? आपल्याकडे किती ओव्या, किती विधिनाट्यं कुणी लिहून न घेतल्यामुळे गेली. सगळं ध्वनिमुद्रित करून खुलं ठेवायला हवं, निवड पुढच्या पिढीला करू दे.

दगडफूल

तुमची तळमळ पोहोचली. पण नोंदणी झालीच नाही असं नाही. ग्रेनव्हिल गुडविन यांनी १९३० च्या दशकात व्हाइट माउंटन अपाचींच्या कथा जमवल्या, मॉरिस ऑप्लर यांनी चिरिकावा आणि हिकारियांच्या. आणि अपाचींनी स्वतःही गाणी मुद्रित केली. सान कार्लोसच्या फिलिप आणि पॅट्सी कॅसाडोर यांनी फीनिक्सच्या कॅन्यन रेकॉर्ड्ससाठी गाणी गायली, ती आजही ऐकता येतात. ऐकवायचं काय आणि ठेवायचं काय, हे त्यांनी आधीच ठरवलंय.

कोल्ह्याच्या गोष्टींचं पाहा. कोल्हा त्यांच्याकडे लबाडही आहे आणि मूर्खही, आणि त्याच्या फजितीतून पोरं नीट वागायला शिकतात. पण या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, साप बिळात असताना आणि वीज कडाडत नसताना. इंटरनेटवर त्या बाराही महिने चोवीस तास वाजू लागल्या, तर आपण गोष्ट वाचवली आणि तिची शिस्त मोडली. ज्यांची ती शिस्त आहे त्यांना विचारल्याशिवाय आपण 'खुलं ठेवा' कसं म्हणायचं?

रानवाट

दगडफूल, सहमत. एक जोड देते. बासोंना नकाशांचं काम व्हाइट माउंटन अपाचींचे अध्यक्ष रॉनी लूप यांनीच सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं, गोऱ्यांचे नकाशे आमच्याकडे पुष्कळ आहेत, तुम्ही अपाची जागांचे, अपाची नावांचे नकाशे करा. मग गावातली माणसं बरोबर घेऊन, घोड्यावरून फिरून, सिबेक्यूच्या आसपासच्या सुमारे ४५ चौरस मैलांत २९६ जागांची नावं नोंदवली गेली. नोंदणीचा असा रस्ताही आहे. काम कुणी मागितलं यावर बरंच अवलंबून असतं.

जाणता_वाचक

हे माहीत नव्हतं. जमातीने स्वतः मागितलेलं आणि स्वतःच्या ताब्यात ठेवलेलं संकलन असेल तर माझा आक्षेप उरत नाही. पण ते व्हावं आणि लवकर व्हावं, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

कृष्णाकाठ

इतिहास आला नाही अजून, म्हणून लिहितो. यांच्या नाचाला सरकार किती घाबरत होतं बघा. १८८१ मध्ये सिबेक्यू भागातच नोच-डेल-क्लिने नावाचा एक मंत्रगायक नवा नाच शिकवत होता. माणसं मध्यबिंदूकडे तोंड करून रांगांत उभी, चाकाच्या आऱ्यांसारखी. ठिकठिकाणचे अपाची त्यासाठी गोळा होऊ लागले. लष्कराला यात बंडाची चाहूल लागली. ३० ऑगस्टला सैनिक त्याला अटक करायला गेले, चकमक उडाली, त्यात तो मारला गेला. लष्करातले अपाची वाटाडे त्या दिवशी लष्करावरच उलटले. पुढच्या वर्षी त्यातल्या तिघांना फाशी दिलं.

१८८३ मध्ये नियम करून आदिवासींचे नाच आणि विधी गुन्हा ठरवले. पोरांना घरापासून लांबच्या निवासी शाळांत नेऊन केस कापले, भाषा बंद केली. १८८६ मध्ये लढवय्या पुढारी जेरोनिमो शरण आला तेव्हा त्याच्या चिरिकावा लोकांना सरसकट युद्धकैदी केलं, लष्कराच्या बाजूने लढलेल्या वाटाड्यांनासुद्धा. फ्लोरिडा, मग अलाबामा, मग ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. सुटका १९१३ पासून पुढे. सत्तावीस वर्षं! लहान पोरं कैदेत जन्मली आणि कैदेतच बापई झाली. तरी गाणी टिकली. शिल्पकार ॲलन हाउझर हे सुटकेनंतर, १९१४ साली जन्मलेले. वडिलांकडून ऐकलेली गाणी आणि गोष्टी पुढे त्यांच्या दगडात आणि ब्राँझमध्ये आल्या.

आणि २०११ मध्ये बिन लादेनच्या मोहिमेत 'जेरोनिमो' हे सांकेतिक नाव वापरलं, तेव्हा फोर्ट सिल अपाचींच्या अध्यक्षांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून माफीची मागणी केली. अगदी योग्य केलं.

सांजवात

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून सुन्न झाले. सोहळ्याचं वर्णन वाचताना मला सारखा आपला गोंधळ आठवत होता: रात्रभर जागणं, देवीला बोलावणं, गायकाने कथा लावणं, पहाटेपर्यंत ठेका न सोडणं. मेस्कलेरोंच्या सोहळ्यात रात्रभर गातात ना?

षड्ज

हो ताई. मेस्कलेरोंकडे चार रात्री गाणी चालतात, शेवटची रात्र पहाटेपर्यंत. खांब उभारून एक मोठा तंबू करतात, त्यात मुलगी कातड्यावर उभी राहून पावलं बाजूला सरकवत नाचते आणि गायक हरणाच्या खुरांचं खुळखुळं वाजवत गातो. किती गाणी झाली याचा हिशोब राहावा म्हणून जमिनीत काटक्या रोवत जातात. शेवटच्या पहाटे गायक तळहातावर सूर्याचं चित्र काढतो आणि उगवत्या किरणांसमोर तो हात धरतो. म्हणजे रात्रभराचं गाणं सूर्य उगवण्याशी जुळवून आणावं लागतं. फार लवकर संपवून चालत नाही, रेंगाळूनही चालत नाही. इतकी गाणी पाठ असणं ही एक गोष्ट, पण त्यांचा वेग रात्रभर असा सांभाळणं ही विद्या मला त्याहून मोठी वाटते.

उत्तररात्र

ओक फ्लॅटचा विषय कुणी काढला नाही, मला तो या धाग्यात हवाच होता. सुपीरिअर गावाजवळची ही ओकच्या झाडांची सपाटी. सान कार्लोस अपाचींसाठी पवित्र. इथे मुलींचे सोहळे झालेत, इथल्या ओकची फळं बायका गोळा करतात आणि त्यांच्या पिठाचा रस्सा करतात. १९५५ पासून इथे खाणकामाला बंदी होती. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खात्याच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून ही सुमारे २,४०० एकर जमीन रेझोल्यूशन कॉपर या कंपनीला अदलाबदलीत द्यायचं ठरलं. रिओ टिंटो आणि बीएचपी यांची ती संयुक्त कंपनी. खाली तांब्याचा प्रचंड साठा आहे. तो ज्या पद्धतीने काढणार त्यात वरची जमीन खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल खड्डा पडेल.

वेंडस्लर नोझी आणि त्यांची 'अपाची स्ट्राँगहोल्ड' ही संघटना कोर्टात गेली. मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टात ६ विरुद्ध ५ अशा मतांनी हरले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी त्याविरोधात सविस्तर मत नोंदवलं आणि न्यायमूर्ती थॉमस यांनी त्याला दुजोरा दिला.

तांबं लागतं, विजेच्या गाड्यांना तर फार लागतं, आणि त्या भागात रोजगाराची गरजही खरी आहे. त्यामुळे स्थानिक लोकांतही एकमत नाही. पण एखादं चर्च किंवा देऊळ असं पाडायचं ठरवलं असतं तर कोर्टाने इतक्या सहज हात वर केले असते, असं मला वाटत नाही. अपाचींच्या देवस्थानाला भिंती नाहीत, म्हणून ते कायद्याच्या नजरेला दिसत नाही. रानवाट यांनी सांगितलेल्या त्या मुलीची जागा खड्ड्यात गेली तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये.

काठावरचा

यातलं प्रत्यक्ष काही बघायचं असेल तर परक्या माणसाला जाता येतं का? मुलगा अल्बुकर्कीला शिकायला आहे, पुढच्या उन्हाळ्यात आमचं जाणं होईल.

दगडफूल

अल्बुकर्कीहून मेस्कलेरो एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. त्यांचा सोहळा ४ जुलैच्या आसपास असतो. ती तारीख बंदीच्या काळातली. राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी जमायला परवानगी मिळायची, म्हणून सोहळा त्या दिवसांत आला आणि तिथेच राहिला. काही भाग पाहुण्यांना बघता येतो, पण त्या वर्षीचे नियम जमातीच्या कार्यालयाकडून आधी विचारून घ्या. फोटो आणि रेकॉर्डिंग नाही म्हणजे नाही, फोन गाडीतच ठेवा. नर्तकांकडे बोट दाखवू नका, मध्ये चालत जाऊ नका. आणि गप्प बसायची तयारी ठेवा. अनोळखी माणसाशी लगेच गप्पा सुरू न करणं ही तिकडे सभ्यता आहे, त्याला तुटकपणा समजू नका.

सप्टेंबरात जाणं झालं तर १५ तारखेला दुल्सेजवळच्या स्टोन लेकला हिकारिया अपाचींची धावण्याची शर्यत असते. जमातीच्या दोन शाखांची तरुण मुलं एकमेकांविरुद्ध धावतात, एक बाजू सूर्याची आणि एक चंद्राची. शिकार आणि शेतीतलं अन्न यांचा तोल राहावा म्हणून ही धाव. तिथेही आधी चौकशी करूनच जा.

ॲरिझोनात आलात तर फोर्ट अपाचीचं व्हाइट माउंटन अपाचींचं संग्रहालय नक्की बघा. पूर्वीच्या लष्करी तळावर, जिथे पुढे निवासी शाळा होती, तिथेच जमातीने ते उभं केलंय. मला आधी कळवा, मीही येते.